तळटीप १७ : मारिया ब्राउनच्या घरातला रेडिओ

१७. 'मारिया ब्राउनचा विवाह' (१९७९) : दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर, मारियाच्या भूमिकेत हाना शिगुला. लेखकाने येथे उल्लेखलेला 'शेवटचा गलका' म्हणजे ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे झालेल्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याचे हेर्बर्ट त्सिमरमान यांनी केलेले धावते समालोचन. पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवले आणि युद्धात बेचिराख झालेल्या देशाला पुन्हा ताठ मानेने वावरता येऊ लागले, असे तेथे मानले जाते. पडद्यावर मात्र मारिया शेगडीवर सिगारेट शिलगावते, गॅस सुरूच राहतो आणि रेडिओवरचा जल्लोष टिपेला पोहोचत असताना घराचा स्फोट होतो. तो अपघात की आत्महत्या, हे फासबिंडर सांगत नाही. त्याआधी रेडिओवर चान्सेलर आडेनाउअर दोनदा ऐकू येतात : आधी जर्मनीच्या पुन्हा शस्त्रसज्ज होण्याला ठाम नकार देताना, नंतर त्याचीच तरफदारी करताना. चित्रपटाची सुरुवात हिटलरच्या तसबिरीने होते. अखेरीस आडेनाउअर, एर्हार्ड, किसिंगर आणि श्मिट यांच्या तसबिरी निगेटिव्हमध्ये दिसतात. या मालिकेत चान्सेलर विली ब्रांट नाहीत, ते नजरचुकीने नव्हे : नाझी राजवटीचा काळ त्यांनी नॉर्वे-स्वीडनमध्ये परागंदा होऊन, हिटलरविरोधी कामात काढला होता. — संपा.