किल्ली पेटीतच: विंडोज टाकण्याचा मागोवा

घाटाखालच्या मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे काही संगणकांच्या बाजारपेठेचे गाव नव्हे. नवा लॅपटॉप मलकापूरहून किंवा बुलढाण्याहून येतो, नाहीतर कुरिअरच्या खोक्यातून. तो आला की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी विचारतो, "याच्यावर विंडोज नव्यानं टाकून देता का?" स्वस्त पडतो म्हणून कुणी विंडोजशिवायचा लॅपटॉप घेतलेला असतो. कुणाच्या मशीनवर घाईत टाकलेली चोरीची प्रत असते. सेवा केंद्र चालवणाऱ्याचे एखादे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसते.

मग पेनड्राइव्ह बूटेबल करायचा, एफ-१२ किंवा एफ-९ दाबून त्याच्यावरून मशीन चालू करायचे, भाषा आणि कीबोर्ड निवडायचा. पुढच्या पडद्यावर विंडोज कुठे टाकायचे याची यादी यायला हवी, तर यादी कोरी. आत ५१२ जीबीची एसएसडी आहे, खोक्यावर तसे छापलेले आहे, आणि विंडोजला डिस्कच दिसत नाही. ज्याच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून लॅपटॉप घेऊन दिला त्या मुलाचा चेहरा तिथे उतरतो. डिस्क ठणठणीत असते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत ती व्हीएमडी नावाच्या नियंत्रकाच्या मागे बसवलेली असते आणि त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसतो. दुसऱ्या संगणकावर तो उतरवून घ्यायचा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून दाखवायचा. एवढे निभावले की पुढे वाय-फाय नाही. वाय-फायचा ड्रायव्हर नेटवर, आणि नेट यायचे वाय-फायवरून. विंडोज ११ तर नेट मिळाल्याशिवाय सरळ मार्गाने पुढे जाऊच देत नाही. तिथे मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की बहुतेक वेळा सुटका होते, कारण तेवढा एक ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो.

पेटीला कुलूप आणि किल्ली पेटीतच, अशी ही गत. ती आजची नाही.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. त्या काळी प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे, फ्लॉपीचा नियंत्रक वेगळा, आणि प्रत्येक यंत्रासाठी सिस्टिम नव्याने जुळवावी लागे. किल्डॉल यांनी यंत्राशी बोलणारा छोटा भाग बाजूला काढला, त्याला बायॉस हे नाव दिले आणि बाकीची सिस्टिम सगळ्यांसाठी सारखी ठेवली. यंत्र बदलले तर तो छोटा भाग तेवढा पुन्हा लिहायचा. सिस्टिम एकीकडून आणि ड्रायव्हर दुसरीकडून आणायचा हा आजचा रिवाज त्या फाळणीतून आला आहे. मला ती संगणकाच्या इतिहासातली फार उपकारक फाळणी वाटते. ती झाली नसती तर यंत्र आणि सिस्टिम एकाच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यावी लागली असती. मग लॅपटॉप मोताळा तालुक्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती पोचायला आणखी किती वर्षे गेली असती, कोण जाणे. या स्वस्ताईचे मोल मात्र दोन तुकडे जुळवत बसणाऱ्या माणसाने मोजले आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. पुढच्या वर्षी कॉम्पॅकने त्याच्याशी जुळणारा बायॉस स्वतः लिहिला आणि पाठोपाठ इतर कंपन्यांची स्वस्त मशीनही आली. मार्च १९८३च्या डॉस २.०मध्ये 'कॉन्फिग डॉट सिस' या फाइलीत एक ओळ लिहिली की कुणाही कंपनीचा ड्रायव्हर सिस्टिमला जोडता येऊ लागला. इथून ड्रायव्हर ही वेगळी वस्तू झाली: वेगळ्या फ्लॉपीवर मिळणारी, हरवणारी, शेजाऱ्याकडून मागून आणायची.

मग सीडी आली आणि गाठ पहिल्यांदा ठसठशीत दिसली. विंडोज सीडीवर, पण सीडी वाचायला सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर हवा. विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीत बहुतेक ड्राइव्हना चालेल असा एक ड्रायव्हर असायचा आणि ती फ्लॉपी दुरुस्तीवाल्याच्या खिशात कायमची. विंडोज ९५ने २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'प्लग अँड प्ले'चे वचन आणले होते: जोडा, मशीन आपोआप ओळखेल. २० एप्रिल १९९८ रोजी बिल गेट्स यांच्या समोर, भर प्रदर्शनात, विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. वचन हळूहळू खरे होत गेले हेही सांगितले पाहिजे. आज माऊस जोडताना कुणी ड्रायव्हर शोधत नाही.

२००१च्या विंडोज एक्सपीला साटा डिस्कचा ड्रायव्हर हवा असेल तर सुरुवातीलाच एफ-६ दाबावे लागे आणि तो ड्रायव्हर फ्लॉपीवरच लागे. काही वर्षांत लॅपटॉपांतून फ्लॉपी गेली, एक्सपीची मागणी तशीच राहिली. सोपी पळवाट होती, बायॉसमध्ये जाऊन साटाचा प्रकार जुना करायचा. आज व्हीएमडी बंद करून डिस्क दिसायला लावतात, ती हीच पळवाट. मधल्या विंडोज ७च्या चांगल्या काळात मुलांना ही विद्या लागली नाही, म्हणून ती त्यांना नव्याने शिकावी लागते आहे.

ही झाली जगभरची वंशावळ. आपल्याकडे तिला वेगळी फांदी फुटली, आणि मला खरे तर तिच्याविषयीच सांगायचे आहे. दर दशकात विंडोज टाकणे सोपे होत गेले, पण आपले म्हणून जे काही होते ते खोक्यात आलेच नाही. ते नंतर, हाताने घालावे लागले.

पहिले, मराठी. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे काम तिच्याकडे आले आणि संगणकात कार्ड बसवून देवनागरी दिसू लागली. विंडोजच्या काळात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली. लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल छापणाऱ्या डीटीपीवाल्यांचा संसार या फॉन्टांवर चालला. मशीन फॉरमॅट मारले की फॉन्ट जायचे आणि वधूवरांच्या नावांऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. फॉन्ट परत टाकेपर्यंत छपाई बंद.

युनिकोड आल्यावर हा त्रास संपायला हवा होता. एक्सपीत मंगल हा फॉन्ट होताच, र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर मराठी सुलेखनकाराने घडवलेला. पण विंडोज टाकून झाले की मराठी पान उघडायचे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे सुटलेली. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसचे पान, आणि तिथे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीचा एक छोटा चौकोन. त्यात खूण केली की मशीन एक्सपीची सीडी मागायचे, फाइली उतरवून घ्यायचे, पुन्हा चालू व्हायचे, आणि मग वेलांटी जागेवर यायची. कोट्यवधी लोकांची लिपी एका न टिचकवलेल्या चौकोनामागे ठेवलेली होती. गावोगावच्या मशीनवर ती खूण करणारी माणसे, २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी केंद्रांवर शिकवणारी पोरे आणि दुरुस्तीवाले, यांनी मराठीसाठी केलेल्या कामाची नोंद कुठल्याच भाषिक इतिहासात नाही. ती व्हायला हवी. व्हिस्टापासून तो चौकोन गेला.

दुसरे, परवाना. १९९४ साली जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने फ्रीडॉसचे काम सुरू केले, मायक्रोसॉफ्टच्या डॉसला मोकळा पर्याय म्हणून. पुढे आपल्याकडे त्याचा उपयोग भलत्याच कामी झाला. विंडोजचे पैसे वाचवलेला लॅपटॉप फ्रीडॉस टाकून विकायचा, गिऱ्हाइकाने तो उघडूनही पाहायचा नाही, आणि दुकानात 'ओएस टाकून' मिळायची. अशी पिढी घडली की नवे मशीन म्हणजे आधी फॉरमॅट हे तिने गृहीतच धरले. विंडोज ८पासून परवान्याची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच येते. तरी सवयीने पैसे मोजलेले होम पुसून चोरीचे प्रो टाकणारे आजही आहेत. त्यांना मी थांबवतो. तुमचे आहे ते तुम्हीच का फेकता? तेच होम पुन्हा टाका, ते स्वतःची किल्ली शोधून घेते.

तिसरे, अंगठा. फेब्रुवारी २०२०मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या लागल्या आणि शेतकऱ्यांना आधार प्रमाणीकरणासाठी केंद्रांवर यावे लागले. दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ होणार की नाही, ते एका अंगठ्यावर येऊन ठेपले होते. अंगठ्याचे यंत्र लॅपटॉपला जोडलेले असते. त्याला ड्रायव्हर हवा, त्याच्यावर आधार प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे आरडी सर्व्हिस (नोंदणीकृत यंत्राचे सॉफ्टवेअर) हवी, यंत्राची नोंदणी चालू हवी, मशीनची तारीख-वेळ बरोबर हवी. यातले काहीही विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसते. विंडोज नव्याने टाकलेल्या लॅपटॉपवर यंत्राचा लाल दिवा लागत नाही. आणि निंदणी-वखरणी करून हाताच्या रेषा झिजलेला माणूस समोरून विचारतो, "भाऊ, अंगठा येऊन नाही राह्यला काय?" दोष त्याच्या बोटाचा नसतो, पण तो बोट धोतराला पुसत राहतो. ग्रामपंचायतीतली डिजिटल सहीची डोंगल हे याच जातीचे दुसरे यंत्र. मशीन नवे केले की तिचाही ड्रायव्हर वेगळा शोधा.

अलीकडे यात एन्क्रिप्शनची भर पडली. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीन सुरू केले की बहुतेक लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायॉसमध्ये काही बदलले तर मशीन ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली खात्यात असते, आणि खाते उघडलेले असते दुकानातल्या कुणीतरी, घाईत, कुठल्याशा ई-मेलवर. मुलीचे बारावीचे सगळे प्रकल्प अशा डिस्कवर अडकलेले मी पाहिले आहेत. यापुढे विंडोज टाकणाऱ्याने खाते मालकाच्या मोबाइलवर, मालकाच्या समोर उघडावे, आणि बायॉसला हात लावण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली मशीन सरळ मार्गाने पुढे जाऊ शकत नाहीत, आणि खेड्यांतल्या केंद्रांवर अशी मशीन आहेत. विद्यार्थ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स सुचवतो. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्सने सुरू केलेल्या त्या कर्नलमध्ये बहुतेक ड्रायव्हर आतच असतात. डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय आणि आवाज तपासता येतो, आणि मराठी पहिल्याच पडद्यावर नीट दिसते. केंद्रचालकाला मात्र मी आधी त्याच्या अंगठ्याच्या यंत्राचा आणि डोंगलचा नमुना क्रमांक विचारतो, त्या कंपन्यांनी लिनक्ससाठी काय दिले आहे ते बघतो, आणि विंडोजवरच राहायचे ठरले तर जुनी डिस्क पुसण्यापूर्वी 'पीएनपीयूटिल' या विंडोजमधल्याच आज्ञेने तिच्यावरचे बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून घ्यायला लावतो.