कोलेस्टेरॉलवरचा जुना संशय

मागच्या भागानंतर जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीहून, विष्णुवराहाचं जुनं मंदिर आहे त्या गावातून, एका मराठी ताईंचा प्रश्न आला. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिलीय. पण कोलेस्टेरॉल उतरलं की आत्महत्येचा धोका वाढतो, असं कुणी सांगितलं. उत्तर आधीच देतो: ताई, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

ही भीती मात्र कुणाच्या डोक्यातून उगाच निघालेली नाही. १९९० साली मल्डून, मॅनक आणि मॅथ्यूज यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला. सुमारे पंचवीस हजार पुरुष. आहाराने किंवा औषधाने त्यांचं कोलेस्टेरॉल उतरवलं. हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसाचारातले मृत्यू वाढले. एकूण मृत्यू होते तेवढेच! १९९२ मध्ये एंगेलबर्ग यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यामागची संभाव्य साखळी सुचवली: कोलेस्टेरॉल कमी झालं की मेंदूत सेरोटोनिनचं काम मंदावतं. तर्क देखणा होता. देखणा तर्क लोकांच्या लक्षात राहतो, नंतरची दुरुस्ती राहत नाही.

दुरुस्ती १९९४ मध्येच आली. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची चाचणी झाली. एकूण मृत्यू तीस टक्क्यांनी घटले आणि हिंसक मृत्यू वाढले नाहीत. २००१ मध्ये खुद्द मल्डून यांनीच मोठा हिशेब पुन्हा केला, त्यात आधीची भीती टिकली नाही. शिवाय उलटाही विचार करायला हवा. नैराश्यात माणूस जेवत नाही, वजन उतरतं, त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरतं. म्हणजे कमी आकडा हे कारण नसून आजाराची खूणही असू शकते.

आता गंभीर मानसिक आजाराकडे येऊ. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आत्महत्येचा धोका जास्त असलेले ९८० रुग्ण होते. क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न ओलांझापिन घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. क्लोझापिनने रक्तातली चरबी वाढते, म्हणून तीच वाचवते असं कुणी म्हणेल. पण ओलांझापिननेही ती वाढतेच की! फरक चरबीने पडलेला नाही.

आणि अशा रुग्णांचं आयुष्य इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी भरतं. त्यात आत्महत्या आहेतच, पण मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा आहे. वेड लागलंय म्हटलं की त्या माणसाच्या छातीतली कळ कुणी मनावर घेत नाही, याचा मला फार राग येतो.

ताई, आकड्यापेक्षा भावाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा, विशेषतः रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत. जगावंसं वाटत नाही असं तो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. क्लोझापिन घेणाऱ्यांची रक्ततपासणी सारखी का करतात, ते पुढच्या भागात.