सम्राटांची गलाई

गेल्या महिन्यात सांगलीला आम्ही याच विषयावर बोललो होतो. आज साताऱ्यात विषय तोच आहे, पण व्याख्यान जसंच्या तसं नाही. सांगलीला व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. गाव विट्याकडचं, धंदा गलाईचा. जे ऑनलाइन ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगावकडची आणि इकडे माण-खटावची हजारो कुटुंबं देशभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. जुना दागिना आटवायचा, डाग-हिणकस काढून टाकायचं आणि चोख सोनं वेगळं करायचं, ही गलाई. सांगलीला आम्ही एअर इंडियाच्या जुन्या जंबो विमानांबद्दल जरा हळवं बोललो होतो. हे गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही ज्याला मरण म्हणता, त्याला आम्ही गलाई म्हणतो." त्या एका वाक्यानं आम्हाला आमची टिपणं पुन्हा काढायला लावली.

तर जंबो. बोइंग 747 पहिल्यांदा उडालं ते 9 फेब्रुवारी 1969 ला. एअर इंडियाचं पहिलं जंबो मुंबईत उतरलं एप्रिल 1971 मध्ये. नाव ‘सम्राट अशोक’. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवली होती, आणि जाहिरातीत त्याला आकाशातला राजवाडा म्हणत. आम्ही तेव्हा विशीत होतो. गावातल्या एकाला परदेशी निघताना पोचवायला आम्ही सांताक्रूझला गेलो होतो. पोचवायला म्हणजे माणूस एक आणि मागे टेम्पोभर गाव, हारतुरे, दशम्यांचं गाठोडं. त्या माणसाचा चेहरा आज आठवत नाही. पण लांबून दिसलेली ती शेपूट आठवते. आमच्याबरोबरचे एक आजोबा म्हणाले होते, "अरे, हे वाड्याएवढं आहे की!" जाहिरात लिहिणारा आणि आमचे आजोबा, दोघांना एकच उपमा सुचली.

पुढची विमानंही सम्राटांच्याच नावाची. शाहजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य, अकबर, कनिष्क. 1988 मध्ये दोन वेगळ्या बनावटीची जंबो आली, पुढे प्रवासी आणि मागे त्याच मजल्यावर माल नेणारी. त्यातल्या एकाचं नाव ‘शिवाजी’. (टाळ्या) साताऱ्यात टाळ्या पडणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. दुसऱ्याचं नाव ‘नरसिंहवर्मन’, त्यालाही टाळ्या द्या, तो पल्लवांचा मोठा राजा होता.

पण सगळ्या सम्राटांना म्हातारपण लाभलं नाही. ‘अशोक’ 1 जानेवारी 1978 ला दुबईसाठी उडाला आणि थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळला. 213 माणसं गेली. विमान सात वर्षांचंही नव्हतं. विमान कोणत्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं एक उपकरण बिघडलं, बाहेर रात्रीचा काळोख, खाली काळा समुद्र, आणि वैमानिकाने डोळ्यांसमोरच्या काट्यावर विश्वास ठेवला. ‘कनिष्क’वर 23 जून 1985 ला आयर्लंडजवळ बॉम्बस्फोट झाला, त्यात 329 गेले. तेव्हा विमान म्हातारं होणं ही वाईट गोष्ट आहे असं म्हणण्याआधी जरा थांबावं. त्याच्या पोटात बसलेले सगळे प्रत्येक वेळी सुखरूप उतरले, म्हणून ते म्हातारं झालं.

विमानाचं वय मोजतात कसं? वर्षांत मोजतात, पण तेवढ्यावर भागत नाही. वर गेल्यावर आत हवेचा दाब भरतात, उतरताना तो सोडतात. म्हणजे धातूचं पोट दर फेरीला फुगतं आणि बसतं. एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक आवर्तन. तार वाकवून-सरळ करून तोडतो ना आपण, तसा धातू थकतो. जंबो लांब पल्ल्याचं असल्यामुळे तास पुष्कळ, आवर्तनं मात्र तुलनेनं कमी. नीट निगा राखली तर ते तीस वर्षंही चालतं.

‘नीट निगा’ हे दोन शब्द फार महाग आहेत. चायना एअरलाइन्सच्या एका जंबोची शेपूट 1980 मध्ये धावपट्टीवर घासली. दुरुस्ती करताना ओरखडे पडलेला पत्रा कापून काढायला हवा होता. त्यांनी वरून ठिगळ लावलं. ठिगळाखाली भेग हळूहळू वाढत राहिली, बावीस वर्षं. 25 मे 2002 ला विमान तैपेईहून हाँगकाँगला जाताना हवेतच तुटलं, 225 गेले. या विमानाचा सौदा आधीच झालेला होता. थायलंडच्या एका कंपनीला ते विकलं होतं, ताबा देणंच काय ते राहिलं होतं. जपानच्या 1985 च्या अपघातातही, 520 मृत्यूंच्या, मूळ दोष सात वर्षांपूर्वीच्या चुकीच्या दुरुस्तीचाच निघाला. मारलं ते वयानं नव्हे. कागदावर ‘दुरुस्त’ लिहिलं आणि प्रत्यक्षात तसं नव्हतं.

आता चार्टर. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी घेतात, तिला महामंडळ ‘प्रासंगिक करार’ म्हणतं. चार्टर विमान म्हणजे तेच, आणि जगभर जुन्या जंबोंच्या नशिबी उतारवयात हेच काम येतं. मोठी कंपनी नवं विमान घेते, जुनं छोट्या चार्टर कंपनीकडे जातं, तिथून कधीकधी आणखी छोट्या कंपनीकडे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या विमानतळाशेजारी एका जंबोचं वसतिगृह केलं, 2009 मध्ये उघडलं. ते विमान 1976 मध्ये सिंगापूर एअरलाइन्ससाठी बांधलेलं, नंतर पॅन ॲमकडे होतं, आणि शेवटी ट्रान्सजेट नावाच्या स्वीडिश कंपनीकडे आलं. ती 2002 मध्ये बुडाली. विमान उडायच्या स्थितीत असलं तरी उडवणारा उरला नाही.

आपल्या जंबोंनाही उतारवयात प्रासंगिक करारच मिळाले. नव्वदीच्या दशकात आलेल्या सहा विमानांची नावं सम्राटांची नव्हती, वास्तूंची होती. कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा. नेहमीच्या मार्गांवरून ती हळूहळू हटली, कारण दोन इंजिनांचं 777 जवळपास तेवढीच माणसं नेतं आणि चार इंजिनांचं तेल, चार इंजिनांची डागडुजी वाचवतं. उरलं ते हजचं वाहतूककाम, पंतप्रधान-राष्ट्रपतींचे दौरे आणि संकट. 31 जानेवारी 2020 ला दिल्लीहून जंबो वुहानला निघालं. दुसऱ्या दिवशी 324 भारतीय परत आले, दुसऱ्या खेपेला 323 भारतीय आणि मालदीवचे 7 जण. निवृत्तीच्या रांगेतल्या यंत्राला हाक मारली आणि ते गेलं. आम्ही स्वतः निवृत्त असल्यामुळे हा प्रसंग आम्हाला अंमळ जास्तच आवडतो, हे कबूल करतो.

त्याच वर्षी दौऱ्यांसाठी नवी 777 आली. 2021 नंतर जंबो प्रवासी घेऊन उडाली नाहीत. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली, आणि उरलेली चार जंबो अमेरिकेच्या एका कंपनीने घेतली. काहींचं मालवाहू करायचं, काहींचे सुटे भाग विकायचे, अशी बातमी आली. मालवाहू करण्यात नवल वाटायला नको. 2020 च्या टाळेबंदीत आपल्या एसटीनेही जुन्या गाड्यांच्या खुर्च्या काढून मालट्रक केलेच होते.

सुटे भाग म्हणजे भंगार अशी आमची समजूत होती. तसं नाही. इंजिनं, चाकांचा सांगाडा, उपकरणं हे सगळं मोलानं विकलं जातं, पण एका अटीवर. प्रत्येक भागाबरोबर त्याची जन्मकुंडली पाहिजे. कधी बसवला, किती तास चालला, कोणी उघडला, कोणी सही केली. सातबारा नसलेली जमीन जशी, तसा कागद नसलेला भाग. तो कितीही चकचकीत असो, किलोच्या भावानं जातो.

इथे आम्हाला मिलिंदप्रश्नातला रथ आठवतो. नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळे मिळून तरी रथ का? आणि सांगतो की रथ हे नुसतं नाव आहे. आयुष्यभर हे वर्गात शिकवलं. पण नागसेनाच्या चाकावर क्रमांक नव्हता. वुहानला गेलेल्या जंबोचा एखादा पंप उद्या दुसऱ्या कुणाच्या जंबोत बसला, तर त्याच्या कागदावर वुहानच्या फेरीचे तास मोजलेले असतील. नाव पुसलं तरी हिशोब पुसता येत नाही, कारण सुरक्षितपणा त्या हिशोबावरच उभा आहे.

सांगलीला आम्ही मागणी केली होती की एक तरी जंबो जपायला हवं होतं. भावनेच्या भरात केली. विक्रांतचं काय झालं ते आठवा. 1997 मध्ये निवृत्त झालेली ती युद्धनौका मुंबईत अनेक वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी सुमारे 60 कोटींना विकली गेली, 2014 मध्ये दारूखान्यात मोडायला घेतली, आणि तिचा धातू मोटारसायकलीत गेला. आपला पुरावस्तूंचा कायदा 1972 चा, त्यात पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षं लागतात. अजिंठ्याचं लेणं सुरक्षित आहे, ‘अजिंठा’ विमान मात्र तिशीतच मोडीत. यंत्र शंभरीपर्यंत थांबूच शकत नाही, तोवर त्याला उभं राहायची जागा कोण देणार? आपल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभं केलं, म्हणून रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आज टेकडीवर दिसतात. पण चित्राला गंज चढत नाही आणि चित्राला हँगर लागत नाही.

विट्याच्या त्या गृहस्थांना आम्ही विचारलं, दागिना आटवताना वाईट नाही वाटत? ते म्हणाले, आजीची ठुशी असली तर गिऱ्हाईक रडतं. मग आम्ही थांबतो. तोही फोटो काढून घेतो, वजन लिहून घेतो, आणि मग म्हणतो, टाका.

तेव्हा आमची मागणी आम्ही बदलली आहे. अख्खं विमान नको. गलाई होऊ द्या. त्या विमानांच्या नोंदवह्या भागांबरोबर परदेशी जातात, त्यांची एक प्रत इथल्या दप्तरखान्यात राहावी. कोणत्या रात्री, कोणत्या मेकॅनिकनं, कोणतं इंजिन उघडलं, हे त्यांत आहे. यातली अनेक माणसं मुंबईच्या चाळींतली, कोकणातली आणि आपल्याकडचीही. त्यांच्या कामाचा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही. पेशव्यांचं दप्तर जपलं म्हणून आपण त्या काळातले जमाखर्च वाचू शकतो. या दप्तराला मात्र अजून कोणी वाली नाही.

शेवटचं जंबो, ‘आग्रा’, 22 एप्रिल 2024 ला मुंबईहून अमेरिकेकडे निघालं. उडाल्यावर वैमानिकाने ते एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला कलतं केलं, पंख हलवून निरोप दिला. ती चित्रफीत आमच्या नातीने दाखवली. आम्ही तीन वेळा बघितली, आणि तिला सांताक्रूझचा तो टेम्पो सांगितला. तिचा प्रश्न वेगळाच होता, की आत बसलेल्यांना ते कललेलं कळलं असेल का? आम्ही म्हटलं, आत वैमानिक सोडून कोणी नव्हतंच बहुतेक.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ, मागे माईक द्या.