स्वयंपाकघरातली मिस्सा

आयर्लंडच्या कॉर्क-केरीकडच्या एखाद्या वाडीत एका घराला चुना लागला, दारं-खिडक्या रंगल्या, अंगणातला चिखल हटला, की शेजाऱ्यांना कारण विचारावं लागत नाही. त्या घरावर ‘स्टेशन’ची पाळी आलेली असते. स्टेशन म्हणजे पाद्र्याच्या फेरीतला मुक्काम. रीतीप्रमाणे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, वाडीतल्या एका घरी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची ख्रिस्तप्रसादाची उपासना, होते. पुढच्या खेपेला दुसरं घर.

ही चाल कुठून आली? गावकरी बोट दाखवतात ते कॅथलिकांना जखडणाऱ्या पीनल कायद्यांकडे. १६९७च्या कायद्याने बिशपांना देशाबाहेर घालवलं. १७०४पासून दर पॅरिशला एकाच पाद्र्याला, तोही सरकारदरबारी नाव नोंदवून, परवानगी उरली. नाव नोंदवलं १,०८९ जणांनी. पुढे १७०९मध्ये त्यांच्याकडून राजनिष्ठेची अशी शपथ मागितली गेली की ती घेणारे जेमतेम ३३ निघाले. उघड्या माळावरच्या खडकावर मिस्सा आणि टेकडीवर पहाऱ्याला पोरं, ही आठवण त्या काळाची.

पण एवढ्यावर कुळकथा संपत नाही. कायदे सैल झाले तरी प्रार्थनामंदिरं थोडी, पाद्री त्याहून थोडे, आणि ईस्टर-नाताळचं पापनिवेदन तर प्रत्येकाचं व्हायलाच हवं. मग पाद्रीच घरोघर फिरला. माझ्या मते चाल रुजली ती या रोजच्या अडचणीमुळे. भीतीचा वाटा त्यात होता, पण अर्धाच.

जेवणाचं टेबल खुर्च्यांवर चढवून वेदीइतकं उंच करायचं, त्यावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, क्रूस. पाद्री शेकोटीपाशी नाहीतर आतल्या खोलीत बसून एकेकाचं पापनिवेदन ऐकणार. मिस्सा झाली की वर्गणी, आणि कित्येक ठिकाणी कुणी किती दिली ते नावानिशी मोठ्याने वाचलं जाई. गरिबाला हे किती जड गेलं असेल! त्यावर पाद्र्याची न्याहारीही यजमानाकडेच. या धांदलीचं आणि खाण्यापिण्याचं भरभरून चित्र विल्यम कार्लटनने १८३०च्या आपल्या कथासंग्रहात रंगवलं आहे.

१८५०च्या थर्ल्सच्या धर्मसभेत आर्चबिशप पॉल कलन यांनी संस्कार मंदिरातच व्हावेत असा आग्रह धरला. तोवर मंदिरंही बांधली जात होती, त्यामुळे गरजेचं कारण ओसरलं होतं. तरी खेड्यांनी स्टेशन सोडलं नाही. मिस्सेच्या निमित्ताने घर दुरुस्त होई, अबोला धरलेला शेजारीसुद्धा उंबरा ओलांडून आत येई. वाडीतलं प्रत्येक घर, लहान असो वा मोठं, आपल्या पाळीला मानाचं ठरे. एवढं देणारी चाल वरून आलेल्या हुकमाने कशी मोडावी?

आता मिस्सा बहुधा संध्याकाळी असते आणि न्याहारीऐवजी रात्री चहा-सँडविच, गप्पा, कुठे कुठे गाणीही होतात. पाद्री कमी झाले, पाळी घेणारी घरंही घटली, म्हणून काही भागांत दोन-तीन वाड्या मिळून एकच स्टेशन करतात.