‘रीपॅक’ : एका नावात उरलेला इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा वेगाचा इतिहास लिहितो. थांबण्याचा इतिहास लिहायचा राहून जातो. माउंटन बाइकचा ‘जनक’ कोण, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. परंतु तिच्या जन्मकथेतील सर्वांत बोलका शब्द एका ब्रेकमधून निघालेला आहे. त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, एक कच्चा डोंगरी रस्ता सुमारे दोन मैलांत १,३०० फूट खाली उतरतो. १९७०च्या दशकात तेथील तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली मिळवून, त्या घरीच दुरुस्त करून, या उतारावर सोडत. या सायकलींच्या मागच्या हबमध्ये कोस्टर ब्रेक असे; पायडल उलटे दाबले की चाक थांबे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरणे आले. या भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. रस्त्यालाही तेच नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली.

हे नाव विजेत्याचे नाही, वेगाचेही नाही. शर्यतीनंतर हात काळे करून करावयाच्या कामाचे आहे. गॅरी फिशरने जुन्या सांगाड्यावर ड्रम ब्रेक आणि गिअर बसवले. जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा नवा सांगाडा घडवला. १९८० मध्ये ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक निघाले, ते चार्ली केली आणि डेनिस कॅरामान्यो यांचे. म्हणजे खेळणारेच इतिहासकार झाले. अशा साक्षीचे बळ आणि मर्यादा साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊकच आहेत. आठवणी मागाहून लिहिल्या जातात; नाव मात्र इतिहास घडतो आहे याची कुणाला जाणीव नसताना पडते. म्हणून तो पुरावा आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

उष्णतेच्या या प्रश्नाचे एक उत्तर आधीच अस्तित्वात होते. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच मोटारीसाठी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. १९५३ची ल मां शर्यत जॅग्वारने असेच ब्रेक लावून जिंकली. माउंटन बाइकवर ते १९९०च्या दशकात रुळू लागले. उघड्या हवेतली तबकडी लवकर निवते, आणि रिमवरच्या चिखलापासून ती दूर असते.

मात्र घरी बांधलेल्या सायकलीवर ती बसवणे म्हणजे केवळ सुटे भाग आणणे नव्हे. रिम ब्रेकचा भार चिमट्याच्या वरच्या, मजबूत भागावर येतो. डिस्कचा भार डाव्या पायाच्या खालच्या टोकावर, जेथे जुन्या चिमट्याची नळी निमुळती असते. म्हणून चिमटाच जाड नळीचा घ्यावा लागतो. कॅलिपर पायाच्या मागे असला, तर ब्रेक दाबताना आस खाचेतून खाली ढकलला जातो. २००३ मध्ये या धोक्याची बरीच चर्चा झाली. पुढे आरपार जाणाऱ्या आसाने तो दूर झाला. कॅलिपरचा आधार आसाशी काटेकोर जुळला पाहिजे. मग त्याचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेकची मूठ दाबून धरून, ते आळीपाळीने आवळायचे, म्हणजे पॅड तबकडीच्या मधोमध येतात. शेवटी मध्यम वेगावरून पुनःपुन्हा हळू करीत पॅड मुरवायचे. तबकडीला तेलकट बोट लागले, तरी हे श्रम वाया जाऊ शकतात.

कॅलिपरच्या आधाराच्या दोन भोकांतील अंतरही बांधणाऱ्याला ठरवता येत नाही. एका प्रमाणात ते ५१ मिलिमीटर, दुसऱ्यात ७४. स्वतः लिहिलेल्या वाक्याचे व्याकरण जसे सर्वांचे असते, तसेच हे. ‘घरी बांधलेली’ या शब्दांतील स्वावलंबन खरे आहे, पण ते एकट्याचे नाही. एकट्या जनकाचा शोध आम्हांस निष्फळ वाटतो, तो याचमुळे. रीपॅकच्या पायथ्याशी प्रत्येकाला आपला हब उघडावाच लागत होता. रस्त्याने लक्षात ठेवले ते तेवढेच.