हॅमॉकचा पन्हा

'हॅमॉक' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत स्पॅनिशमधून आणि स्पॅनिशमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून. मूळ शब्द 'हमाका'. ही भाषा आपल्याला सातासमुद्रापलीकडची वाटते, पण तिचा एक शब्द आपल्या तोंडात रोज असतो. तो म्हणजे बटाटा. ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, दुसऱ्याच कंदाला चिकटवला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. म्हणजे वडापाव खाऊन हॅमॉकमध्ये आडवं होणारा माणूस एकाच दुपारी दोन ताइनो शब्द वापरतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मी ट्रेकला तंबूऐवजी हॅमॉक नेते आणि तो घरीच शिवते. आईच्या जुन्या शिलाई मशीनवर, साधी सरळ टीप मारून. हे करताना मला प्रश्न पडत गेले. कापड किती रुंद घ्यायचं? दोरी किती ताणायची? पाठीला खालून थंडी वाजते, तिचं काय? उत्तरं शोधत गेले तेव्हा लक्षात आलं, की हे सगळे प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीच सुटलेले होते. मधल्या काळात ती उत्तरं हरवली आणि हौशी लोकांनी घरी बसून पुन्हा शोधली. ती का हरवली, ही खरी गोष्ट आहे.

जाळीसारखं काहीतरी

ऑक्टोबर 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला. त्याच्या रोजनिशीची मूळ प्रत हरवली, पण बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने करून ठेवलेला गोषवारा उरला आहे. तिथल्या लोकांची अंथरुणं सुती जाळ्यांसारखी आहेत, अशी नोंद त्यात सापडते. युरोपियन माणसाला या वस्तूसाठी शब्दच नव्हता, म्हणून त्याने ओळखीची उपमा दिली: जाळं.

आठ वर्षांनी तेच पुन्हा घडलं. 1500 साली काब्रालचा पोर्तुगीज तांडा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याच्यासोबतच्या पेरू वाझ दे कामिन्या या लेखनिकाने राजाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात स्थानिकांच्या घरांचं वर्णन आहे. घरात खांब, खांबांना उंचावर बांधलेली जाळी, त्यांत लोक झोपतात आणि ऊब मिळावी म्हणून खाली शेकोट्या पेटवतात. त्यानेही 'हेदे', म्हणजे जाळं, हाच शब्द वापरला. ब्राझीलमध्ये आजही हॅमॉकला हेच म्हणतात. हा तांडा खरं तर निघाला होता आपल्याकडे, कालिकतला. तिथे झालेल्या चकमकीत त्याच वर्षाच्या अखेरीस कामिन्या मारला गेला, असं मानलं जातं.

त्याच्या पत्रातली शेकोटी मला महत्त्वाची वाटते. हॅमॉकमध्ये पहिल्यांदा झोपणाऱ्याला वाटतं, वरून पांघरूण घेतलं की झालं. पण स्लीपिंग बॅगेत ऊब धरून ठेवते ती तिच्या कापसात किंवा पिसांत अडकलेली हवा. अंगाच्या वजनाने पाठीखालचा थर चेपला, की तिथली हवा निघून जाते. जमिनीवर झोपलात तर निदान वारा तरी खालून लागत नाही. लटकत्या माणसाची पाठ मात्र उघड्यावरच असते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी हे ओळखलं होतं, म्हणून विस्तव खाली होता. हान्स श्टाडेन हा जर्मन माणूस 1550 च्या दशकात तुपिनाम्बा लोकांच्या कैदेत होता. सुटून गेल्यावर 1557 साली त्याने पुस्तक छापलं. त्यातही हे सुती झोपाळे आणि रात्रभर जवळ पेटता ठेवलेला विस्तव आहे.

तिरकं झोपणं

दुसरी गोष्ट कापडाच्या रुंदीची, म्हणजे पन्ह्याची. अरुंद कापडात सरळ रेषेत झोपलं तर माणूस केळ्यासारखा वाकतो. गुडघे ताणले जातात, हनुवटी छातीला टेकते. बरेच जण याच अनुभवावर हॅमॉक कायमचा माळ्यावर टाकतात. पण कापड पुरेसं रुंद असेल आणि तुम्ही मधल्या रेषेला तिरके झोपलात, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला, तर पाठ जवळजवळ सपाट होते. कापडाचा खळगा तसाच राहतो, आपण फक्त त्याच्या खोल रेषेवरून बाजूला सरकतो.

मेक्सिकोच्या युकातान भागात घरोघरी भिंतींत हॅमॉकचे आकडे असतात आणि लोक आयुष्यभर त्यातच झोपतात. तिथे तिरकं झोपणं कोणी शिकवत नाही, मूल बघून बघून शिकतं. तिश्कोकोब हे गाव तर हॅमॉक विणण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथले हॅमॉक इतके रुंद असतात की घडी उलगडली तर चादरीसारखे पसरतात. ही रुंदी चैनीसाठी नाही. तिच्याशिवाय ही वस्तू अंथरूण होतच नाही.

चौदा इंच

इथे गोष्टीत आरमार येतं. जहाजावर हॅमॉक फार सोयीचा. जहाज डोललं तरी तो गुरुत्वाच्या रेषेत राहतो, माणूस फेकला जात नाही. ओल्या, उंदरांनी भरलेल्या डेकपेक्षा तो बरा, आणि सकाळी गुंडाळला की जागा मोकळी. इंग्रजी आरमाराने 1597 साली खलाशांच्या टांगत्या बिछान्यांसाठी कॅनव्हास पुरवण्याचा आदेश काढला. पुढची साडेतीनशे वर्षं खलाशी यातच झोपले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवली आहे. तिच्यावरचे खलाशीही असेच लटकत झोपत.

नियमाप्रमाणे एका माणसाला टांगायला मिळणारी जागा 14 इंच, म्हणजे जेमतेम 36 सेंटिमीटर. अर्धे लोक पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात दुप्पट मिळे. तरी तिथे तिरकं झोपायला वाव नव्हता. दिवसा हे गुंडाळलेले हॅमॉक डेकच्या कडेने जाळ्यांत रचून ठेवत, म्हणजे लढाईत बंदुकीच्या गोळ्या त्यांत अडत. खलाशी मेला तर त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवून, पायाशी तोफेचे गोळे ठेवून समुद्रात सोडत.

म्हणजे आरमाराने वस्तू उचलली, पण तिची रुंदी घेतली नाही आणि खालची शेकोटीही घेतली नाही. लाकडी जहाजात ती शक्यच नव्हती. त्याऐवजी आत पातळ गादी आली. ज्यांनी ही वस्तू घडवली होती, त्यांना विचारायची सोयही फार दिवस राहिली नाही. सक्तीची मजुरी, उपासमार आणि युरोपातून आलेले आजार, विशेषतः 1518 नंतरची देवीची साथ, यांत ताइनो समाज अर्ध्या शतकात कोलमडला. ते पुरते नाहीसे झाले असं म्हणणं बरोबर नाही. प्वेर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक इथे आजही स्वतःला ताइनो म्हणवणारे लोक आहेत. पण जगाच्या मोठ्या भागात हॅमॉक पोचला तो त्यांच्याकडून नाही, आरमाराच्या कोठारातून. झोपायचं कसं, हे सांगणारं माणूस सोबत आलं नाही.

पुन्हा शिवणकाम

विसाव्या शतकात ही वस्तू लष्कराकडून जंगलात परतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने पॅसिफिक बेटांसाठी छत आणि मच्छरदाणी जोडलेला 'जंगल हॅमॉक' काढला. युद्धानंतर तो जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत आला. व्हिएतनामच्या युद्धात त्रुओंग सन डोंगररांगांतून चालणाऱ्या उत्तर व्हिएतनामी सैनिकांच्या पाठीवरही हॅमॉक असे. तिथे तो घराघरांतला, बाळ झोपवायचा जुना झोपाळाच होता.

दरम्यान अमेरिकेत चालणाऱ्यांची वेगळी परंपरा तयार होत होती. 1955 साली एमा गेटवुड ही 67 वर्षांची आजी अ‍ॅपलाचियन ट्रेल हा साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता एकटी चालली. खांद्यावर जीनच्या कापडाची स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा. ती हॅमॉकमध्ये झोपली नाही, पण आपलं सामान आपण शिवायचं आणि ते हलकं ठेवायचं, ही वाट तिने दाखवली. 1990 च्या दशकात रे जार्डिनने हलकं सामान घरी शिवण्याचा आग्रह धरला. त्याच सुमारास टॉम हेनेसीने तिरकं झोपता येईल असा, मुद्दाम असमान आकाराचा हॅमॉक बाजारात आणला. 2003 मध्ये एड स्पीअरचं हॅमॉक कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं आणि लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर नायलॉन कापायला लागले.

या हौशी मंडळींनी हळूहळू ठरवलं ते असं: कापड साडेतीन मीटरच्या आसपास लांब, पन्हा दीड मीटर. दोन्ही टोकांना परकराला असतो तसा नेफा, त्यातून दोरी. नेफ्यातलं कापड चुण्या घालून गच्च आवळायचं. वर एक कायमची दोरी, हॅमॉकच्या लांबीच्या साधारण 83 टक्के, म्हणजे झाडं कितीही लांब असली तरी झोळ तेवढाच राहतो. आणि पाठीच्या थंडीसाठी रजई आत न घालता बाहेरून, कापडाखाली टांगायची, म्हणजे ती चेपली जात नाही. थोडक्यात, त्यांनी युकातानचा पन्हा परत आणला आणि ब्राझीलच्या शेकोटीच्या जागी रजई लावली.

मी त्या जागी आजीची गोधडी लावून पाहिली. दोन बाजूंना नाड्या शिवल्या आणि हॅमॉकच्या खाली टांगली. गडमाथ्यांवर बांधायला झाडं फारशी नसतात, म्हणून मी पायथ्याच्या आमराईत मुक्काम करते. जानेवारीच्या पहाटे तीच गोधडी अंगाखाली घेतली तर पाठ गारठते, खाली टांगली तर झोप लागते. ओझं मात्र होतं, आणि दवाने भिजली तर आणखी.

झोळी आणि कोन

या सगळ्यात एक गणित आहे, ते शिवायच्या आधी समजून घ्या. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर बरोबर आपल्या वजनाइतका ताण येतो. माणूस 70 किलोचा असेल तर 70 किलो. छान ताठ दिसावा म्हणून दोरी ओढून कोन 10 अंशांवर आणला, तर ताण 200 किलोंच्या वर जातो. 5 अंशांवर 400 किलो. झाड, दोरी, शिवण, यांतलं काहीतरी मग सुटतंच. म्हणून सैल बांधायचं, आणि झाडाला दोरी नाही तर रुंद पट्टा गुंडाळायचा, नाहीतर साल कापली जाते.

हे गणित आपल्याकडे कोणी वहीत मांडलं नाही, पण ते उसाच्या फडात रोज दिसतं. बीडकडून कोयता घेऊन आलेली बाई सकाळी जुन्या साडीची झोळी करते, दोन्ही टोकं एकाच फांदीला जवळजवळ बांधते आणि लेकराला आत ठेवते. टोकं जवळ असल्यामुळे कोन मोठा, ताण कमी. विटकं सुती कापडही मग भार पेलतं. तिने ते आईचं बघून शिकलेलं असतं, युकातानमधलं मूल शिकतं तसंच.

पण ती झोळी हौस म्हणून बांधलेली नाही. फडावर पाळणाघर नसतं, म्हणून ती बांधलेली आहे. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता नसतो, तेव्हा बांबूला कापड बांधून बाळंतपणाला अडलेल्या बाईला त्यातून नेतात. मी माझा हॅमॉक पाठीवर घेऊन त्याच डोंगरांत फिरायला जाते. कापड तेच, गाठ तीच. फरक इतकाच, की मी दुसऱ्या दिवशी तो गुंडाळून घरी येते.

म्हणून हॅमॉकच्या इतिहासाकडे मी शोध लावणाऱ्यांची यादी म्हणून पाहत नाही. तुपिनाम्बा बायका सूत कातत, युकातानच्या बायका आजही विणतात, फडातली बाई साडी बांधते. जो त्यात झोपणार, तो किंवा त्याची आई हे कापड तयार करते, तेव्हा माणसाच्या अंगाचं माप धरलं जातं. कोठारातून वाटप सुरू झालं, की जागेचं माप धरलं जातं आणि माणूस त्यात बसवला जातो.

ऑनलाइन हॅमॉक घेणार असाल तर पानावर ठळक अक्षरांत एकच आकडा असतो: किती किलो पेलतो. तो बघाच, पण खाली जाऊन पन्हा शोधा. दीड मीटरच्या आसपास असेल तर घ्या. एक मीटर असेल, तर त्याच पैशांत पेठेतून चार मीटर रिपस्टॉप नायलॉन येतं का ते विचारा, आणि घरात कोणाला नेफा शिवता येतो तेही.