हिवाळी वारे आणि समुद्राच्या पोटातील खारे पाणी

अरबी समुद्राच्या पृष्ठभागाखाली सुमारे ७५ ते १०० मीटर खोलीवर भोवतालच्या पाण्याहून अधिक खारट पाण्याचा थर आढळतो. हे पाणी मूळचे तेथील नव्हे. ते पृष्ठभागावर तयार होते, आणि त्यास कारण हिवाळ्यातील हवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जमिनीवरून येणारे कोरडे, गार ईशान्य वारे उत्तर अरबी समुद्रावर वाहतात. बाष्पीभवन वाढते, मीठ मागे राहते. एक किलो पाण्यात ३६ ग्रॅमहून अधिक क्षार साठतात. गार व खारट झालेले हे पाणी जड होऊन बुडते आणि दक्षिणेकडे पसरते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. प्रसन्न कुमार आणि टी. जी. प्रसाद यांनी १९९९ मध्ये या प्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाली गेल्यावर पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. त्यामुळे त्या हिवाळ्याचे तापमान आणि क्षारता ते दीर्घकाळ जपून ठेवते. तांबड्या समुद्रातील पाणी तर ५०० ते ८०० मीटर खोलीवरून वाहते.

या खारेपणाचे महत्त्व बंगालच्या उपसागरात कळते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे तेथे वरचा थर गोड्या पाण्याचा व हलका होतो. हा थर लवकर तापतो, आणि उपसागरातील चक्रीवादळांना उष्णता येथूनच मिळते. गोड्या पाण्याचा एवढा भरणा होऊनही उपसागर खारा कसा राहतो? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. एन. विनयचंद्रन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचे उत्तर मांडले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रातील खारे पाणी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून येते आणि बेटाच्या पूर्वेस वर खेचले जाते. २०१६ मध्ये ‘सिंधु साधना’ जहाजावरून ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या सहकार्याने याच भागाची पाहणी झाली.

खऱ्या अर्थाने खोल समुद्रावरील परिणाम उत्तर अटलांटिकमध्ये दिसतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच्या कडक हिवाळ्यांत लॅब्राडोर समुद्राचे पाणी २,००० मीटरपर्यंत घुसळले गेले होते. पुढील सौम्य हिवाळ्यांत ही खोली बरीच घटली.

‘आर्गो’ योजनेतील तरंगती यंत्रे दर दहा दिवसांनी तापमान व क्षारता मोजतात. भारतातील काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था पाहते. मात्र बहुतेक यंत्रे २,००० मीटरखाली जात नाहीत, आणि महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे.